संक्षेप आणि अपप्रयोग : व्यवहारलेखनाच्या दृष्टीने एक पुनर्विचार

भ्रमणध्वनीवरील संदेशलेखनामुळे विद्यार्थ्यांचे गद्य बिघडले, ही तक्रार अध्यापकवर्गात आता इतकी रूढ झाली आहे की तिच्यासाठी पुरावा मागणे हेच अनेकांना औचित्यभंगाचे वाटते. तक्रार करणारांच्या मनात दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. एक, शब्द तोडून, अक्षरे गाळून, आद्याक्षरे जोडून लिहिण्याची सवय. आणि दुसरी, शब्द पुरता लिहूनही तो भलत्याच अर्थाने योजण्याची सवय. पहिलीस संक्षेप म्हणावे आणि दुसरीस अपप्रयोग. या दोहोंचे मूळ एकच आहे असे गृहीत धरून एकाच दमात दोहोंचा निषेध केला जातो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, संक्षेपावर ठेवला जाणारा ठपका बराचसा अनाठायी आहे. अपप्रयोगाकडे मात्र आपण, विशेषतः भाषा शिकवून उपजीविका करणारे आपण, नको तितक्या उदारपणे पाहतो. शिवाय या गडबडीत एक तिसरेच नुकसान होत आहे, आणि त्याची वाच्यता फारशी कोणी केलेली दिसत नाही.

संक्षेपाची लाज वाटावी अशी आपली परंपरा नाही. अर्ध्या मात्रेची बचत साधली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, ही उक्ती सर्वश्रुत आहे. पाणिनीचे 'अच्' आणि 'हल्' यांसारखे प्रत्याहार म्हणजे संक्षेपच होत. पहिला वर्ण आणि शेवटचा इत्संज्ञक वर्ण एवढ्यांवरून मधली सारी वर्णमालिका सूचित करावयाची, अशी ती युक्ती आहे. मात्र त्या संक्षेपांची किल्ली चौदा शिवसूत्रांच्या रूपाने वाचकाच्या हाती आरंभीच ठेवलेली आहे, हे विसरता कामा नये. संक्षेप दुर्बोध होतो तो आखूड असल्यामुळे नव्हे, तर त्याची किल्ली लिहिणाऱ्याच्याच खिशात राहिल्यामुळे.

मोडी दफ्तरांकडे वळल्यास हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. 'राजमान्य राजश्री' चे 'रा. रा.', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' चे 'सा. न. वि. वि.', 'तीर्थरूप' चे 'ती.', 'चिरंजीव' चे 'चि.' ही तर घरगुती पत्रांतूनही आपल्या ओळखीची रूपे. दफ्तरातला कारकून याच्याही पुढे जात असे. 'मजकूर' हा शब्द आद्य व अंत्य अक्षर ठेवून मध्ये दंड देऊन लिहावयाचा, मुसलमानी महिन्यातील तारखेपूर्वी केवळ 'छ' एवढेच अक्षर घालावयाचे, असे त्याचे संकेत होते. ह्रस्वदीर्घाचा भेद मोडी लेखनात पाळला जात नसे, विरामचिन्हे नव्हती आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडली जात नसे. आजच्या दृष्टीने पाहता हे सगळेच 'अशुद्ध' ठरावे. पण याच लेखनाने राज्याचा वसूल झाला, वतनांचे निवाडे झाले, तह झाले. याचे कारण असे की कारकुनाचे शिक्षण म्हणजे बव्हंशी या संकेतांचेच शिक्षण होते. लिहिणारा आणि वाचणारा एकाच तालमीतून बाहेर पडलेले असत. ती तालीम बंद पडली आणि तेच कागद आज खास प्रशिक्षणाशिवाय कोणालाही लागत नाहीत. संक्षेपाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्या रुमालांत बांधलेली आहेत.

मुद्रणाचा प्रसार झाल्यावरही ही वृत्ती गेली नाही. जुन्या मराठी पुस्तकांत 'जे जे' असे न छापता 'जे २' असे छापलेले आढळते. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून विभक्ती आणि क्रियापदे गाळण्याची एक स्वतंत्र शैलीच तयार झाली. ठराविक शुभेच्छांना तर क्रमांकच दिलेले होते. भारतातील तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तारेने मराठी गद्य बिघडवले असे तिच्या हयातीत कोणी म्हटल्याचे प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

भ्रमणध्वनीवरील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पाठवला गेला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. या संदेशाची मर्यादा रोमी लिपीत १६० चिन्हांची. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास सोळा बिट लागत असल्याने तीच मर्यादा आपल्यासाठी ७० वर येते. त्यातही आपण ज्यास एक अक्षर म्हणतो ते यंत्रास एक वाटत नाही. 'स्त्री' हे आपल्या दृष्टीने एकच जोडाक्षर. यंत्र मात्र स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे मोजते. 'महाराष्ट्र' या शब्दाची दहा होतात, म्हणजे तो सात वेळा लिहिला की संदेश भरला. मराठी माणसाने आपली भाषा रोमी अक्षरांत लिहावयास घेतली ती केवळ इंग्रजीच्या मोहाने, असे म्हणणारांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. सुरुवातीच्या फोनांत देवनागरी उमटतच नसे, हे निराळेच.

आता रोमी लिपीत काय हरवते? 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ', 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' यांतील भेद जातो आणि 'अ' व 'आ' यांतीलही बहुधा जातो. काल, काळ, कल आणि कळ हे चारही शब्द त्याच तीन अक्षरांत लिहिले जातात. तरीही संदेश वाचणारा अडखळत नाही, कारण पाठवणारा कोण, बोलणे कशाविषयी चालले आहे आणि मागचा संदेश काय होता हे त्यास ठाऊक असते. लिपीतली तूट प्रसंग भरून काढतो. मोडीतही तेच होत असे.

याउलट ज्या तरुण मंडळींनी संगणकावर देवनागरीतच लिहिण्याचा हट्ट धरला त्यांनी केलेले संक्षेप भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. 'हसून हसून पुरेवाट' चे 'हहपुवा', 'भावना पोचल्या' चे 'भापो', 'हलके घ्या' चे 'ह. घ्या.' ही रूपे घ्या. इंग्रजी संक्षेप एकेक वर्ण उचलतो. हे संक्षेप अक्षर उचलतात, म्हणजे व्यंजन आणि त्याला लागलेला स्वर मिळून होणारे एकक. म्हणजे 'सा. न. वि. वि.' ज्या साच्यातून निघाले त्याच साच्यातून 'हहपुवा' निघाले. आपण पेशव्यांच्या कारकुनाची घडण गिरवीत आहोत याची त्या मुलांना कल्पनाही नसेल. पण भाषेची घडण अशीच टिकते. 'भापो' ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या एका सहकाऱ्यांच्या घरची लग्नपत्रिका आम्ही पाहिली आहे. तिच्यात 'चि.', 'चि. सौ. कां.' आणि 'ती. स्व.' यांची दाटी होती.

संदेशलेखनामुळे शुद्धलेखन ढासळते या समजुतीचा सविस्तर प्रतिवाद डेव्हिड क्रिस्टल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात केला आहे. संदेशांतील संक्षिप्त शब्दांचे प्रमाण समजले जाते त्याहून पुष्कळच कमी असते, हे संक्षेप बहुतांशी जुनेच आहेत, आणि ज्यास शब्दाचे पूर्ण रूप ठाऊक आहे तोच तो कौशल्याने तोडू शकतो, अशी त्यांची मांडणी आहे. ती मूलतः मान्य होण्यासारखी आहे. परंतु तिचा आधार इंग्रजी आहे, हे मराठीच्या अभ्यासकाने ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रज मुलगा संक्षेप करतो तो त्याच लिपीत ज्या लिपीत तो पुढे अर्ज लिहिणार असतो. आपला विद्यार्थी दिवसभर एका लिपीत लिहितो आणि परीक्षेस वा कचेरीत दुसऱ्या लिपीत. त्याच्या बाबतीत शब्दाचे पूर्ण रूप डोळ्यांसमोरूनच जात नाही. 'अद्ययावत' चे 'अद्यावत' होते ते तोडमोडीच्या कौशल्यातून नव्हे, तर शब्द पाहण्याचा प्रसंगच कमी झाल्यामुळे. क्रिस्टल यांचे मत उद्धृत करून निश्चिंत होण्याइतकी मराठीची परिस्थिती सरळ नाही.

तथापि, एक गोष्ट स्वानुभवाने सांगता येते. गेल्या काही वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रबंधांत आणि अर्जांत 'भापो' अथवा 'हहपुवा' प्रस्तुत लेखकास एकदाही आढळलेले नाही. विद्यार्थ्यांना कोठे काय लिहावयाचे हे कळते. व्यवहारक्षेत्रपरत्वे भाषारूप बदलते, ज्यास इंग्रजीत रजिस्टर म्हणतात, त्याचे भान त्यांना आहे. मग प्रबंधांत खुपते ते काय? ते असे आहे: वाक्ये सुटी पडली आहेत. नमुन्यादाखल रचलेला हा उतारा पाहावा. "या कादंबरीत ग्रामीण जीवन आले आहे. लेखकाचे बालपण खेड्यात गेले. भाषा बोलीची आहे. नायक शहरात जातो." यात एकही शब्द अशुद्ध नाही, एकही संक्षेप नाही. पण बालपण खेड्यात गेले म्हणून भाषा बोलीची आहे, की नायक शहरात जात असूनही ती बोलीचीच राहते, याचा पत्ता लागत नाही. लेखकाने विधाने केली, विचार केला नाही, असे परीक्षकास वाटते. आणि वस्तुतः त्याने विचार केलेलाही असेल.

हा दोष संदेशातून आला असावा असे मानण्यास मात्र सबळ कारण आहे. "तब्येत बरी नाही." "प्रकरण पाठवले." "संदर्भ राहिलेत." असे तीन संदेश पाठोपाठ येतात, तेव्हा 'म्हणून', 'परंतु', 'तथापि' यांची गरज नसते; कारण संवादात दुवा जोडण्याचे निम्मे काम समोरचा करतो. तो विचारतो, "संदर्भ केव्हा?" आणि वीण पुरी होते. व्यवहारलेखनात समोर कोणी नसतो. अर्ज, अहवाल, करारनामा, प्रबंध यांचा वाचक अनोळखी असतो, कदाचित दहा वर्षांनंतरचा असतो, आणि त्यास उलट प्रश्न विचारण्याची सोय नसते. तेथे सारे सांधे लेखकानेच भरावे लागतात. मराठीत हे सांधे उभयान्वयी अव्ययांपुरते नाहीत. 'जो-तो', 'जरी-तरी', 'जसजसे-तसतसे' अशी जोडीने येणारी रूपे आणि धातुसाधितांची विपुलता ही मराठी गद्याची खरी ताकद आहे. यांपैकी 'जरी' लिहून 'तरी' विसरणे हे आता नित्याचे झाले आहे. जोडीचे रूप हरवले की त्या जागी हिंदीतून 'जो की' येऊन बसतो: "हा कवी, जो की पुण्यात राहत होता". 'पुण्यात राहणारा हा कवी' असे म्हणण्याची मराठीची सहज रीत असताना ही उसनवारी कशासाठी?

संक्षेपाने प्रत्यक्ष हानी होते अशी क्षेत्रे नाहीत असे नव्हे. इन्सुलिनच्या मात्रेपुढे 'युनिट' ऐवजी लिहिलेले एकटे 'यू' हे अक्षर शून्य म्हणून वाचले गेले तर मात्रा दसपट होते. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये रुग्णालयांत वापरू नयेत अशा संक्षेपांची जी यादी केली तिच्यात हे अक्षर आहे. परंतु डॉक्टरांची ही सवय फोनपेक्षा कितीतरी जुनी. दोष येथेही किल्लीचाच.

आता अपप्रयोगांकडे वळू. यांतही दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे अवश्य आहे. पहिली जात रूपसाम्याने होणाऱ्या घोटाळ्यांची. 'उपाहार' म्हणजे फराळ आणि 'उपहार' म्हणजे भेट; तरी 'उपहारगृह' अशा पाट्या गावोगाव रंगल्या आणि त्या रंगल्या तेव्हा भ्रमणध्वनीचा जन्मही झालेला नव्हता. 'दुरवस्था' ची 'दुरावस्था', 'उपर्युक्त' चे 'उपरोक्त', 'पूर्वग्रह' चा 'पूर्वाग्रह' ही याच वर्गातली. यांतील बहुतेकांनी अर्थाचा घात होत नाही. वाचक मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. क्वचित मात्र घात होतो. भाषांतराचा अभ्यास करणारे विद्यार्थी 'अनुदित साहित्य' असे शीर्षक देतात. 'अनूदित' म्हणजे अनुवादलेले. 'अनुदित' म्हणजे जे उच्चारलेच गेले नाही ते. न उच्चारलेल्या साहित्यावर चारशे पृष्ठांचा प्रबंध लिहिणे हे कठीणच काम म्हणावयाचे.

दुसरी जात अधिक गंभीर आहे. शब्द बरोबर, रूप बरोबर, आणि अर्थ मात्र शेजारच्या भाषेचा. मराठीत 'संशोधन' म्हणजे नव्याने शोध घेणे. हिंदीत त्याचा अर्थ दुरुस्ती. तेव्हा "कायद्यात संशोधन होणार" हे वाचून मराठी वाचकाने काय समजावे? 'आपत्ती' म्हणजे संकट. ती 'नोंदवली' जाऊ लागली आहे, कारण हिंदीत तिचा एक अर्थ हरकत असा आहे. "मला मदत करा" याऐवजी "माझी मदत करा" हे तर आता कानालाही खटकेनासे झाले. 'खुलासा' या शब्दाची कथा सर्वांत उद्बोधक आहे. अरबीत तो सार या अर्थाचा. मराठीत त्यास स्पष्टीकरण असा अर्थ आला आणि कचेरीच्या भाषेत 'खुलासा मागवणे' ही एक निश्चित प्रशासकीय क्रिया ठरली. हिंदी वृत्तांच्या अनुकरणाने आता तोच शब्द गौप्यस्फोट या अर्थी येतो. परिणाम असा की "अधिकाऱ्याने खुलासा केला" या वाक्यात त्या अधिकाऱ्याने आपली बाजू मांडली की दुसऱ्याचे बिंग फोडले, हे वाक्यावरून ठरवता येत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने जी कार्यालयीन मराठी घडवावयास घेतली तिच्या बोजडपणाची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती सर्वस्वी अन्याय्य होती असेही नाही. पण त्या घडणीचा मुख्य हेतू एका शब्दास एक अर्थ हा होता. तो हेतू थट्टेबरोबर वाहून जाऊ नये.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाचे हातही स्वच्छ नाहीत. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात असताना मागवलेले ग्रंथ वेळेवर आले नाहीत, म्हणून कार्यालयास फोनवरून संदेश पाठवला. "याबाबत तातडीने कार्यवाही व्हावी" असे लिहावयाचे होते. घाईत दोन अक्षरे टंकली, फोनने पुढे केलेला शब्द स्वीकारला, आणि संदेश गेला तो "याबाबत तातडीने कारवाई व्हावी" असा. कार्यवाही म्हणजे काम पुढे नेणे. कारवाई म्हणजे कोणावर तरी शिक्षेच्या दिशेने पाऊल उचलणे. कार्यालयाने संदेशाची प्रत काढली, ती नस्तीत लावली, आणि ग्रंथखरेदीचे काम पाहणाऱ्या हंगामी लिपिकाकडून लेखी खुलासा मागवला. त्याच्या मुदतवाढीचा कागद त्याच सुमारास पुढे जावयाचा होता. चूक कळल्यावर मी दोन ओळींचे दुरुस्तीपत्र दिले. ते आवक नोंदवहीत चढले. मूळ संदेशाची प्रत मात्र नस्तीतून निघाली नाही, कारण एकदा लागलेला कागद काढता येत नाही.

भाषा बदलतेच, तेव्हा अपप्रयोगाची एवढी चिंता कशाला, असा आक्षेप आमच्याच शास्त्राचे विद्यार्थी घेतात. त्यात तथ्य आहे. 'कारवाई' हा मूळचा फारसी शब्द. त्याचा व्युत्पत्त्यर्थ काम चालवणे एवढाच. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने पाहता माझा संदेश निर्दोष होता! अर्थ ठरवताना व्युत्पत्तीची साक्ष काढणे किती निरुपयोगी असते याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देता येणार नाही. दोन शब्दांतील भेद वापराने पाडला, आणि वापरानेच तो उद्या बुजेल, हेही शक्य आहे. परंतु बदल घडून गेल्यावर त्याची नोंद करणे हे भाषाशास्त्रज्ञाचे काम, आणि बदल अर्धवट झालेला असताना दोन्ही अर्थांच्या मध्ये सापडलेला वाचक हे वास्तव. आक्षेप घेणारा विद्यार्थी शंभर वर्षांच्या अंतरावरून बोलत असतो. त्या लिपिकाला उत्तर देण्यासाठी सात दिवसांची मुदत होती.

त्याने लिहिलेला खुलासा देण्यापूर्वी तो मला दाखवावयास आला होता. एरवी याच माणसाचे संदेश दोन दोन शब्दांचे असत, तेही रोमी लिपीत: "पुस्तके नाही", "उद्या बघतो". हा कागद देवनागरीत, स्वहस्ते, दीड पृष्ठाचा होता. पुरवठादारास दोनदा स्मरणपत्रे पाठवली असूनही उत्तर आले नाही. उत्तर न आल्यामुळे देयक रोखून धरले. देयक रोखल्यानंतरच पहिला गठ्ठा आला, तथापि त्यातील तीन ग्रंथ मागणीपत्रातील नसल्याने ते परत करावे लागले: असे एकेक वाक्य मागच्या वाक्यास घट्ट बांधलेले होते. 'जरी' होते तेथे 'तरी' होते. त्या महिन्यात मी तपासलेल्या कोणत्याही प्रकरणात इतके सलग गद्य नव्हते. एके ठिकाणी 'उपरोक्त' लिहिले होते. ते मी तसेच राहू दिले.